पाजणीची सडक

रश्मी, हे पत्र उभ्या उभ्या वाचू नको गं, नीट बस. तो मोबाइल आधी पालथा घाल. मागच्या खेपेला आलीस तेव्हा घरात पाय ठेवल्या ठेवल्या काय म्हणालीस, आठवतं का? "आत्या, तुमच्या घरासमोर किती मस्त रोड आहे, गाडी थेट दारात आली." एवढंच बोललीस, चहा घेतलास, अर्धा कप तसाच ठेवलास आणि त्याच रोडनं निघून गेलीस. चहा टाकला त्याचा मला राग नाही. पण ज्या रोडवरून तू आलीस तो काय आहे हे तुला कुणीच सांगितलं नाही, याचं वाईट वाटलं. तुझा बाप सांगणार नाही, त्याला बोलायचा कंटाळा. म्हणून मीच लिहून ठेवते. शाळा माझी थोडीच झाली, अक्षर गिचमिड आहे, चष्मा लावून वाच.

तो रोड नव्हता. ती आमची सडक होती. आता तू म्हणशील, दोन्ही एकच. सगळे असंच म्हणाले, आणि तिथंच सगळं चुकलं.

आपलं घर कोष्ट्यांचं, हे तरी ठाऊक आहे ना? आमच्या पुऱ्यात, म्हणजे कोष्ट्यांच्या वस्तीत, घरोघरी माग होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून माणूस बसलेला, आणि दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. तो आवाज बंद पडला की घरातल्या माणसाला जाग यायची, इतका तो कानात मुरलेला. पहिल्या खोलीत माझ्या बाबांचा माग, दुसऱ्या खोलीत मोठेबाबांचा. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, तुझे मोठे आजोबा. अंगानं काटकुळे, मिशी मात्र भारी, आणि जीभ तिच्याहून भारी. पुऱ्यात कुणाचं भांडण असो, लग्न असो, त्यांच्यावाचून पान हलत नसे. आई आणि मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, चरख्यावर आडव्या सुताच्या कांड्या भरायच्या. मी पण भरायचे. बाईमाणसानं कांड्या भराव्या, सूत उकलावं, खळ शिजवावी, मागावर बसावं पुरुषानं, असा रिवाज. कुणी ठरवला कोण जाणे.

आता सडक कशाला लागते ते सांगते. कापडाचं उभं सूत, ज्याला ताणा म्हणतात, ते तसंच मागावर चढवलं तर आडवं सूत नेणारा धोटा फिरताच तटातट तुटतं. म्हणून त्याला आधी खळ पाजावी लागते. तांदळाच्या कण्या शिजवून, घोटून, जराशी आंबवून केलेली पातळ खळ. ताणा लांबच्या लांब पसरायचा, मधे मधे बांबूच्या कैच्या, फुलीसारखे बांधलेले टेकू, लावून तो कमरेइतका वर उचलायचा, आणि दोन बाजूंनी दोन माणसांनी मोठा कुंचा धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत खळ फिरवत जायचं. सूत ती पितं म्हणून ती पाजणी. हे काम सकाळी, ऊन कोवळं आणि वारा पडलेला असतानाच होतं. आणि त्याला लागते लांब, सरळ, कोरडी, मोकळी जागा. ती जागा पुऱ्याच्या मधोमध होती, दोन्ही ओळींच्या दारांपुढून गेलेली. तिच्यावर कुणी पायरी काढायची नाही, ढोर बांधायचं नाही, गोवऱ्या थापायच्या नाहीत. धूळ सुतावर बसू नये म्हणून बाया रोज तिच्यावर शेणाचा सडा घालायच्या. तिला सगळे सडक म्हणायचे. गावात डांबराचं नाव कुणी ऐकलं नव्हतं तेव्हापासून म्हणायचे. मला लहानपणी वाटायचं, सडा घालतात म्हणून सडक. आजही मला तेच खरं वाटतं.

आणि एक कायदा होता. ताणा पसरलेला असताना सडक ओलांडायची तर सुताखालून वाकून जायचं. ओलांडून नाही, सूत बाजूला सारून नाही, वाकून. डोक्यावर हंडा असला तर हंडा उतरवून. नवरदेवाची वरात एकदा अडली होती म्हणतात, आणि नवरदेव बाशिंगासकट वाकला होता. मोठेबाबा सांगायचे, "या गावात मानसं देवळात तरी ताठ जातीन, पण आपल्या सडकेवर कोनी ताठ गेला नाही."

पाजणीच्या दिवशी घरात वास असायचा दोन कण्यांचा. एक खळीच्या, एक पेजेच्या. दोन्ही एकाच चुलीवर, एकामागून एक. मोठी आई डोळ्यांनी अधू होती, तिनं एकदा खळीच्या गंजात मीठ घातलं आणि पेज तशीच अळणी राहिली. मोठेबाबा पेज पिऊन म्हणाले, "आज लुगडं चवदार होईन." पाजणी आटोपली की सगळ्या पुऱ्यानं मिळून जेवायचं, भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, जवसाची चटणी, वर कच्चा कांदा. हात धुतले तरी नखांत खळ राहायची. मला आता भात शिजताना पहिली उकळी आली की तोच वास येतो. शेजारची सून म्हणते, आत्या, गॅसकडं बघत काय बसता. काय सांगू तिला.

तर जिल्हा तुटला त्यानंतरची ही गोष्ट. आपला भंडारा जिल्हा केवढा होता, त्यातून गोंदियाकडचा तुकडा वेगळा निघाला. घरात त्याचं पहिलं दुःख मोठ्या आईला झालं. तिचं माहेर त्या बाजूला गेलं. "आता माहेरी जाचं म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यात जाचं," म्हणून ती डोळे पुसत बसली. मोठेबाबा म्हणाले, "अवं, बस तेच, रस्ता तोच, भाऊ तोच भांडखोर. तुले काहून रडू येऊन राहिलं?" पण बाजारात, चहाच्या टपरीवर, सगळीकडं एकच बोलणं. जिल्हा अर्धा झाला, आपण लहान झालो. मग पुढाऱ्यांच्या डोक्यात आलं की जिल्हा लहान तर लहान, आपलं शहर तरी मोठं करू. हद्द वाढवायची. तलावाच्या पाळीपलीकडची धानाची बांधं, हायवेकडची पडीत जागा, दोन टोल्या म्हणजे वाड्या, सगळं शहरात घ्यायचं. त्यासाठी अख्ख्या गावाची मोजणी निघाली. कुठं काय आहे, घर किती, गल्ली कोणती, नाली कुठून वाहते, सगळं नकाशावर मांडायचं.

मोठेबाबांना त्या मोजणीचा भारी आनंद झाला. त्याला कारण होतं. पुऱ्याच्या तोंडाशी एक किराणावाले शेठ होते, ते हळूहळू ओटा पुढं सरकवत होते. दर दिवाळीला ओटा वीतभर सडकेवर आलेला. भांडून, हात जोडून झालं. मोठेबाबांचा एकच घोर, की सडक तोंडाशी आखडली तर उद्या मधे आखडेल, परवा कुणी खोली काढेल, आणि ताणा पसरायला जागा राहणार नाही. "एकदा सरकारी कागदावर सडक चढली का," ते बाबांना म्हणाले, "मंग शेठचा बापही हात लावू शकत नाही." बाबा बोलणारे नव्हते. हूं म्हणाले आणि धोटा फेकला.

त्याच दिवसांत मोठेबाबांनी माझ्यासाठी एक गोष्ट ठरवली होती. मी कांड्या भरता भरता चोरून मागावर बसायचे, बाबा जेवायला उठले की. मोठेबाबांनी एकदा पाहिलं. रागावतील म्हणून मी खड्ड्यातच अंग चोरून बसले. त्यांनी विणलेल्यावर बोट फिरवलं, उजेडात पाहिलं आणि बाबांना हाक मारली. "हे इकडचं तुनं विनलं का पोरीनं?" बाबांना सांगता येईना. मोठेबाबा खूप हसले. म्हणाले, "मंग झालं. खालच्या खोलीतला माग रिकामा पडून आहे. येत्या पाजनीले एक ताना हिचा." शेजारची काकू दारातून म्हणाली, "भाऊजी, सासरी माग डोक्यावर घेऊन जाईन काय ते?" मोठेबाबा म्हणाले, "जाईन. अन् तुमच्या सुनेले शिकवून येईन." मी रंग निवडला, बैंगणी, वांग्याच्या सालीचा. काठ पिवळा. मला बाकी काहीच नको होतं गं. दागिना नको, लग्न नको. तो खड्डा, तो माग आणि माझा बैंगणी ताणा.

मोजणीवाले साहेब आले ते पाजणीच्या दिवशीच आले. पोरगेलेसे, नवेच बदलून आलेले, पायात बूट, सोबत टेप धरणारा माणूस. सडकेवर शेजाऱ्यांचा पांढरा ताणा पसरलेला. साहेब थबकले. मोठेबाबा कुंचा हातात घेऊन म्हणाले, "सायेब, वाका जरा." आणि साहेब वाकले, बरं का. टोपी सांभाळत, मुकाट्यानं. मोठेबाबांच्या मनात त्या क्षणी त्यांच्याविषयी जी माया उपजली ती शेवटपर्यंत गेली नाही. ओट्यावर बसवलं, पोहे दिले, चहा दिला. टेपचं एक टोक स्वतः धरून उभे राहिले. मी चहाचे कप उचलायला तिथंच होते, म्हणून ते बोलणं मला जसंच्या तसं आठवतं.

साहेबांनी विचारलं, "बाबा, ही मधली मोकळी जागा कशाची?"

"मोकळी जागा नव्हे सायेब. सडक होय ते. आमची सडक."

"जुनी आहे?"

"आमच्या आज्याच्या आज्यापासूनची."

"कुणाच्या मालकीची वगैरे?"

"कोनाच्याच नाही. सगळ्याइची. इथं कोनी बांधकाम करू शकत नाही, हे लिहा तुमी. मोकळी पायजे, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत."

साहेबांनी मान हलवली, लिहिलं. मोठेबाबांनी शेठच्या ओट्याकडं पाहून मिशीवर हात फिरवला. रश्मी, त्या साहेबांचा काय दोष सांग. जे सांगितलं तेच त्यांनी लिहिलं. आणि मोठेबाबांनी तरी काय खोटं सांगितलं? शब्दन् शब्द खरा होता. ज्या शब्दानं पाच पिढ्या ती जागा राखली, त्याच शब्दानं ती गेली.

शहर मोठं झालं. नकाशात सडक आली, शेठचा ओटा तुटला, पुऱ्यात पेढे वाटले मोठेबाबांनी. मग एक दिवस गिट्टीचे ट्रक आले. सडक होती ना, मग ती पक्की करायला हवी, आणि सरळ इतकी की हायवेला जोडली की गावातली गर्दी टळेल. आम्ही अंगणात उभं राहून डांबर पडताना पाहिलं. लेकरं नाचत होती. बायांना वाटलं, बरं झालं, चिखल गेला. मोठेबाबाही पहिल्या दिवशी त्याच्यावरून अनवाणी चालून आले आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे. सुताले बरं." त्यांना अजून वाटत होतं की ही सोय पाजणीसाठी झाली.

मग गाड्या सुरू झाल्या. वरठीच्या कारखान्यात जाणारी माणसं आधी बाजारातून वळसा घालून जायची, ती आता आमच्या दारावरून जाऊ लागली. सायकली, मोटरसायकली, आणि वेळ नेमकी सकाळची, पाजणीची. पहिल्यांदा लोक थांबायचे. मग हॉर्न वाजवायला लागले. "बाबा, लवकर काढा ना, ड्युटी आहे." पुऱ्यातल्यांनी दोन्ही तोंडांना बांबू आडवा टाकायला सुरुवात केली, तर कुणीतरी तो उचलून नालीत टाकी. शेवटी मोठेबाबा स्वतः एका टोकाला लाल फडकं घेऊन उभे राहायचे आणि दुसऱ्या टोकाला तुझा बाप.

माझ्या ताण्याचा दिवस उगवला. मी खळ स्वतः शिजवली होती. मोठ्या आईला मिठाच्या डब्याजवळ फिरकू दिलं नाही. तो बैंगणी ताणा सडकेवर पसरला आणि सूर्य त्याच्या पलीकडून वर आला, तेव्हा सुतातून उजेड असा गाळून आला की आई सडा घालता घालता उभी राहिली. बाबा एका बाजूनं कुंचा धरून होते. त्यांनी मला दुसऱ्या बाजूला बोलावलं. तोवर कुंचा कुणा बाईनं धरला नव्हता. बाबा एवढंच म्हणाले, "दाबू नको. सुताले पिऊ दे." आम्ही निम्म्यापर्यंत आलो होतो.

तुझ्या बापाच्या बाजूनं मोटरसायकल आली, दोघं बसलेले. तो हात हलवत होता, ओरडत होता. त्यांना उशीर झाला होता, आणि उन्हाकडं तोंड करून येणाऱ्याला सूत दिसत नाही गं. कैच्या मोडल्याचा आवाज झाला, मग गाडी घसरल्याचा. दोघं पडले. कोपरं खरचटली, एकाची पँट फाटली, देवाची कृपा की त्याहून जास्त काही झालं नाही. सगळे धावले. मोठेबाबांनी आधी त्यांना उठवलं, पाणी पाजलं.  गाडी चालवणाऱ्याची भीती गेली तसा त्याला राग आला. "रोडवर दोरे बांधता काय तुमी? गळा कापला असता माहा. मेलो असतो म्हणजे?"

 तो खरंच मेला असता. जमलेल्यांतलं कुणी म्हणालं, "रोड होय बापा हा, तुमचं आंगन नाही आता." 

माझा ताणा त्याच्या चाकात गुंडाळला गेला होता, आऱ्यांमधून, साखळीमधून. मोठेबाबा खाली बसले आणि एकेक सूत सोडवू लागले. जशी तुटलेली दोरं मागावर सांधतात तशी, हळू, नखानं. तो माणूस उभा राहून घड्याळ पाहत होता. थोड्या वेळानं नरम आवाजात म्हणाला, "बाबा, कापा ना. माही पाळी निघून राहिली. खाडा पडते."

मोठेबाबांनी वर माझ्याकडं पाहिलं. "पोरी, कापू काय?"

मी मान हलवली असेन. त्यांनी कमरेचा चाकू काढला. विणकरानं न विणलेला ताणा स्वतःच्या हातानं कापलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतर पाहायची वेळच आली नाही. आवाजही झाला नाही. इतकं ताणलेलं सूत, पण तेव्हा ते ढिलं पडलेलं होतं ना. मोटरसायकल निघून गेली. जाताना मागचा माणूस वळून म्हणाला, "माफ करजा बाबा."

दुसऱ्या दिवशी मोठेबाबा नगरपालिकेच्या कार्यालयात गेले. मला सोबत नेलं, मला थोडं वाचता यायचं म्हणून. तिथले बाबू भले माणूस होते, खुर्ची दिली. मोठेबाबा म्हणाले, "सायेब, ते सडक लिवली ना, ते सडक नव्हे."

"मग काय आहे?"

"सडकच होय. पन ते चालाची सडक नाही."

"मग कायची?"

"पाजाची."

बाबूंना हसू आवरेना. "सडकेले काय पाजता बाबा तुमी?" बाजूच्या टेबलावरचा म्हणाला, "आमच्याइकडं मानसंच पेतेत, यायच्याइकडं सडकबी पेते." सगळे हसले. मोठेबाबाही हसले थोडे, त्यांना विनोद आवडायचा. मग बाबूंनी नकाशा काढून टेबलावर पसरला. हा तलाव, हा हायवे, ही नवी हद्द, आणि ही तुमची सडक. मोठेबाबा वाकून पाहत राहिले. मला वाटलं आता भांडतील. त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, जसा कुंचा नेतात तसं, आणि म्हणाले, "सरळ काढली मातर सायेबानं. एक सूत हालली नाही." आणि नमस्कार करून बाहेर आले.

नंतर पाजणी कुणी कुणी तलावाच्या पाळीवर करून पाहिली. तिथं वारा. सूत वाळायच्या आधी गुंतायचं. एकेक माग मुका होत गेला. पुऱ्यातली तरणी पोरं पोटापाण्याला दुसरीकडं लागली. तुझा बाप त्याच रोडनं सायकल हाणत वरठीला कामाला जाऊ लागला. त्या कमाईवर तू शिकलीस, पुण्याला गेलीस. म्हणून मला धड रडताही येत नाही बघ. रोडला शिव्या द्याव्या तर तुझा घास आठवतो.

लोकांनी मोठेबाबांना नाव पाडलं, सडकवाले बाबा. वाईट मनानं नव्हे, थट्टेनं. पण त्यांनी त्यानंतर तो शब्द तोंडातून काढला नाही. "समोर" म्हणायचे. समोर लेकरू खेळून राहिलं, पाहा. समोरून आवाज आला. आम्ही कुणीही त्यांना कधी म्हणालो नाही, की बाबा, तुमी बरोबर बोलले होते. दुसऱ्या ताण्याचं सूत त्यांनी माझ्यासाठी आणून ठेवलं होतं, तेच बैंगणी. पण पसरायचं कुठं? मग माझं लग्न ठरलं, दोन गल्ल्या सोडून, आणि सूत तसंच माळ्यावर राहिलं. मोठेबाबा काकूला म्हणाले होते ते खरं झालं नाही. मी डोक्यावर काहीच घेऊन गेले नाही.

आता मी पुन्हा त्याच घरात राहते हे तुला माहीत आहे. रोज सकाळी दूध आणायला समोर जाते, तेव्हा मधोमध आले की माझी मान आपोआप खाली जाते. डॉक्टर म्हणतो मणक्याचं आहे. शेजारची सून म्हणते, आत्याबाई, तुमी वाकल्या बा आता. वाकले, पण मणक्यामुळं नाही. मला तिथं सूत दिसतं.

तर तू ये. दिवाळीची वाट पाहू नको, या धानकापणीतच ये, नवा तांदूळ आलेला असेल, पेज करीन. मीठ मी घालीन. लोकेशन मागू नको, मला ते पाठवता येत नाही, आणि तुझ्या मोबाइलात त्या रोडला कुणाचं तरी भलतंच नाव दिलंय. स्टँडवरून ऑटो कर, म्हातारा पाहून कर, आणि त्याला रोड सांगू नको. सडकेवर जायचं म्हण. ती ओळखणारा एखादा अजून असेल, तो बरोबर आणून सोडेल. लवकर ये गं. त्यातले फार उरले नाहीत.